पोफळींनी प्यालेलं पाणी

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बढाई म्हणून हे सांगत नाही, पण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावातून मी कॉलेजात प्रवेश घ्यायला गेले तेव्हा थोरले काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बसने माझ्यासोबत आले होते. बाबा तोवर गेले होते. आणि दादा, माझा सख्खा भाऊ, दहावी झाल्या झाल्या खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, तो मी शाळेत राहावं म्हणून. या दोघांचे उपकार मी विसरलेले नाही. आज दोघेही माझ्याशी बोलत नाहीत, तरीही नाही.

भांडण पाण्याचं होतं. गावाच्या वरच्या अंगाला डोंगर आहे, डोंगरात लोहखनिजाची खाण. खाण बंद पडली तेव्हा तिचा मोठा खड्डा पावसाने भरला आणि भरलेलाच राहिला. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आमचं कुळागर आहे: पोफळी, मधेमधे माड, मिरीचे वेल, केळी. कुळागराचे दोन टप्पे. वरच्या टप्प्यात झर फुटते, तिचं पाणी पाटातून आधी वरच्या पोफळींना मिळतं आणि उरलेलं खालच्या टप्प्यात उतरतं. आजोबांनी वाटणी केली तेव्हा वरचा टप्पा काकांना गेला, खालचा बाबांना, म्हणजे आता दादाला.

खाण पुन्हा सुरू होणार असं ठरलं, तेव्हा खड्डा उपसावा लागणार हे उघडच होतं. काकांनी हरकत घेतली. झर ही खड्ड्यातूनच पाझरून येते, खड्डा उपसला तर कुळागर मरेल, असं ते म्हणायचे. दादाने पुढे घेतलेला ट्रक खाण बंद झाल्यापासून दारात गंजत उभा होता, टायरांखाली गवत उगवलं होतं. तो म्हणायचा, झर खाणीच्या आधीपासूनची आहे, तिचा खड्ड्याशी काय संबंध? दोघांची घरं एका अंगणात. सकाळी एक जण तुळशीला पाणी घालायला आला की दुसरा आत जायचा. वहिनीने अंगणात सुकत घातलेलं आमसूल काकूने एकदा पायाने बाजूला सारलं, त्यावरून आठवडाभर आरडाओरडा चालला.

मी तेव्हा प्रयोगशाळेत संशोधन करत होते आणि अजूनही करते. काम सांगायला फार अवघड नाही. झाडाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. झाड ते मेण तयार करतं त्यात हायड्रोजन लागतो, आणि तो येतो मुळांनी ओढलेल्या पाण्यातून. हायड्रोजन दोन तऱ्हेचा असतो, साधा आणि त्याच्या दुप्पट जड. जड फार थोडा. उघड्या जागी उन्हात पडून राहिलेल्या पाण्यातलं हलकं पाणी आधी उडून जातं, जड मागे राहतं. म्हणून उन्हाळाभर तापलेल्या खड्ड्याचं पाणी जड होत जातं, आणि डोंगराच्या पोटातून येणाऱ्या झरीचं पाणी पावसाने दिलं तसंच राहतं. पोफळ यातलं कुठलं पाणी प्याली ते तिच्या पानाच्या मेणात राहतं.

आईचं माहेर पेडण्याचं, मिठागरांच्या कडेचं. तिला हे सांगितलं तेव्हा तिने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "म्हणजे मिठागरात पानी जाता नि मीठ रवता, तसा मा?"

"जवळजवळ तसंच. फक्त इथे राहतं तेही पाणीच."

"मगे सोपा आसा," ती म्हणाली.

सोपं नव्हतं. पण त्या दिवशी मला तिचं बोलणं गोड वाटलं.

आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, त्यांना उत्तर गोव्यातल्या बागांचे नमुने हवे होते. काही खाणीजवळचे, काही खाणीपासून लांबचे. लांबचे मी मामांच्या गावातून आणले. मामांनी मोपाच्या पठारावरच्या विमानतळाकडे हात करून टोमणा मारला, "आमच्या पोफळींका इमानाचो वास येता की काय, ताय बघ." जवळचे आमच्या कुळागरातून आणायचे असं मीच सुचवलं. सुचवलं नसतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं. पण दुसऱ्या कुणाच्या बागेत मला इतक्या मोकळेपणाने कोण शिरू दिलं असतं?

ही गोष्ट गावात पसरली आणि माझ्या मागे जे झालं ते मला आईच्या फोनवरून कळलं.

आमच्याकडे तंटा सुटला नाही की देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर उजवीकडे, डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. काकांना कौल लावायचा होता. पण गुरव म्हणाला, खाण सरकारची, देवाला त्यात घालू नका. तेव्हा देवळाच्या मंडपात कुणीतरी म्हणालं, यांच्या घरातच मशीनवाली पोरगी आहे, तिच्या मशीनला विचारा. हसून म्हणालं असणार. पण काका आणि दादा दोघे उठले, देवासमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं: कुळागर खड्ड्याचं पाणी पितं का, यावर पोरीचं मशीन सांगेल ते दोघांना मान्य. होय आलं तर दादा काकांच्या हरकतीच्या बाजूने उभा राहणार, नाही आलं तर काका हरकत मागे घेणार. मागे हटेल त्याच्या घरी पुढच्या वर्षी देवाची पालखी थांबणार नाही.

मला कुणी विचारलं नव्हतं.

मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या. त्या कमी बोलतात, पण बोलल्या की लागतं. "आपण मोजतो," त्या म्हणाल्या. "न्याय करत नाही. हे त्यांना सांगितलंस का?"

"सांगते."

"आज सांग."

मी फोन केला. काका म्हणाले, "बरें बरें, तूं मेज. आमी समजून घेतले." आणि फोन ठेवला.

मे महिन्यात मी नमुने घ्यायला गेले. घरी पोचले तर सोप्यावर पोफळीच्या पानांची मोळी बांधून ठेवलेली. काका म्हणाले, "तुका जाय तीं पानां हांवें काडून दवरल्यांत. उन्हांत कित्याक भोंवता?"

"काका, मला स्वतःच काढावी लागतील. कुठल्या झाडाचं कुठलं पान ते—"

"म्हजेर विस्वास ना?"

मी ती मोळी घेतली. नाही म्हणता आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी झाडावर चढणाऱ्या पाडेल्याला बोलावून, खालून वरपर्यंत, दोन्ही टप्प्यांतल्या पोफळींची माझ्या हिशेबाने पानं काढून घेतली. प्रत्येक झाडाचं नुकतं उघडलेलं पान, कारण ते उन्हाळ्यातच वाढलेलं असतं. पाडेली वर चढलेला, मी खाली उभी, आणि काका पाटाच्या कडेला हात मागे बांधून. दादा त्या दिवशी कुळागरात आलाच नाही. वहिनीच्या हातून चहा पाठवला तोही पाडेल्यासाठी. माझ्यासाठी कप नव्हता.

प्रयोगशाळेत पानांवरचं मेण विरघळवून काढलं. आधी काकांची मोळी. मेणातले घटक यंत्रातून एकामागून एक बाहेर पडतात आणि पडद्यावर शिखरांसारखे उभे राहतात. झाडाच्या मेणात एकाआड एक शिखर उंच असतं, झाडं तशीच मेण बनवतात. काकांच्या पानांत सगळी शिखरं कंगव्याच्या दातांसारखी सरळ रांगेत आली. तो डिझेलचा धूर होता. ती पानं रस्त्याच्या कडेच्या पोफळींची होती, जिथून वर्षानुवर्षं ट्रक गेले आणि अजूनही इतर गाड्या जातात. काकांना वाटलं असेल, रस्त्याजवळची पानं म्हणजे खाणीजवळची पानं, त्यांत खाण जास्त दिसेल. मी ती बाद केली आणि तसं त्यांना कळवलं. त्यावर ते म्हणाले, "तुज्या दादान शिकयलां तुका."

माझ्या पानांची शिखरं झाडांसारखी आली. मग हायड्रोजन.

या भागाला धीर लागतो. मेणाचा एकेक घटक सुटा करून, तापून पांढऱ्या झालेल्या नळीतून नेतात. तिथे त्याचा चुरा होतो आणि हायड्रोजन वायू मोकळा होतो. तो पुढच्या यंत्रात जातो, जे साध्या आणि जड हायड्रोजनची गणती करतं. गणतीत एक खोट असते. कधीकधी साधा हायड्रोजनच आपापसांत टक्कर होऊन तिघांनी एकत्र येतो आणि जडासारखा दिसतो. तो खोटा जड किती, हे रोज सकाळी आधी काढावं लागतं आणि मग दिवसभराच्या आकड्यांतून वजा करावं लागतं. एखाद्या सकाळी ही खोट स्थिर आली नाही तर त्या दिवशी काम करायचं नाही, असा मॅडमचा नियम आहे. आणि दर थोड्या नमुन्यांनंतर, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा एक नमुना घालायचा. यंत्राने त्याचं उत्तर बरोबर दिलं तरच बाकीच्यांचं मानायचं.

आमच्या भागातले लोक विचारतात, थेट पाणीच का नाही तपासलं? तपासलं होतं. पण बाटलीतलं पाणी त्या दिवसाचं असतं, आणि बाटली कुठे भरली यावर कुणीही शंका घेऊ शकतो. पानाच्या दुसऱ्या भागांतला काही हायड्रोजन तर हवेतल्या दमटपणाशी अदलाबदल करतो, आणि गोव्याच्या हवेत दमटपणा काय कमी आहे? मेणातला हायड्रोजन कार्बनला धरून असतो. तो जात नाही.

मी सगळी मोजणी दोनदा केली. खोटं बोलतेय असं कुणी म्हणू नये म्हणून नव्हे. म्हणणारे म्हणणारच होते. मला स्वतःला खात्री हवी होती.

वरच्या टप्प्यातल्या पोफळी मामांच्या गावातल्या पोफळींसारख्या निघाल्या. झरीचं पाणी, डोंगराचं. खालच्या टप्प्यातल्या सगळ्या जड. दोन्ही टप्प्यांवर ऊन तेच, वारा तोच, म्हणजे फरक पाण्याचा. खड्ड्याचं पाणी जमिनीखालून पाझरत वरच्या टप्प्याला बगल देऊन खाली निघत होतं. उन्हाळ्यात झर बारीक होते, पाटातून खाली जवळजवळ काही उतरत नाही. दादाच्या पोफळी खड्ड्यावर जगत होत्या.

म्हणजे खड्डा उपसा म्हणणाऱ्या दादाचंच कुळागर जाणार होतं, आणि हरकत घेणाऱ्या काकांचं एक झाडही वाकणार नव्हतं.

मी हे त्यांना फोनवर सांगितलं नाही. गावी गेले. सोप्यावर दोघे समोरासमोर बसले होते, मधे आई. कितीतरी दिवसांनी एका छपराखाली.

"हय काय न्हय? इतलेंच सांग," काका म्हणाले.

"वरच्या टप्प्याला नाही. खालच्या टप्प्याला हो."

"म्हणजे कितें?"

"तुमच्या पोफळी झरीचं पाणी पितात. दादाच्या खड्ड्याचं."

मग काका हसले. "अशें खंय आसता? देवाचो कौल लेगीत दोनूय वटेन पडना. आनी तुजें मशीन देवापरस व्हड?"

"काका, मी कौल लावला नव्हता. मी मोजलं."

"इतलें शिकलें," दादा म्हणाला, माझ्याकडे न बघता, "आनी जाप हाडली ती ही. हांवें गाडी चलयली ती हाका लागून?"

"दादा, तू खड्डा उपसा म्हणतोस त्यात तुझंच—"

"माका भाशण नाका!" तो उठला. "म्हजें सुकूं दी. म्हजें आसा, हांव पळयतलों. तुज्या तोंडांतल्यान आयकून हांव आतां काकाच्या फाटल्यान रावूं? लोक हांसतले."

आई म्हणाली, "अरे, ती तुझ्याच बऱ्याचा सांगता."

"तिणें म्हजें बरें केलां तें पुरो."

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर दोघे निदान भांडणाच्या जागा बदलतील. मी तेवढी भोळी होते. काकांनी हरकत मागे घेतली, आणि गावात सांगितलं की मशीनने त्यांची झर स्वच्छ ठरवली. दादाने खाणीच्या ऑफिसात ट्रकाचं नाव घातलं. दोघांनीही आपापल्या परीने माझं उत्तर घेतलं आणि मला बाहेर ठेवलं. देवळात बायका माझ्याबद्दल बोलायच्या ते आई मला सांगायची नाही, पण वहिनी सांगायची. "म्हणटात, शिकलेल्या चेडवान भावाचें घर मोडलें." ती सांगताना तिच्या आवाजात दुःख नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात पंप लागले. खड्ड्याचं पाणी उतरायला लागलं तसं खालच्या टप्प्यातली पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली. हे होणार हे आकड्यांत होतं. आकड्यांत जे नव्हतं ते काकांनी केलं. त्यांनी वरच्या टप्प्याच्या शेवटी पाटाचं तोंड दगड आणि मातीने बंद केलं.

आईने फोन केला आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला ऐकला. "पाट बांधल्यान त्या मेल्यान. तुझा नाव घेवन."

मी गेले. काका पाटाच्या कडेलाच होते.

"पाट उघडा काका."

"कित्याक?" त्यांनी खालच्या टप्प्याकडे हात केला. "तूंच सांगलें मगो. सकयल्यो पोफळी झरीचें उदक पियेनात. मागीर तांकां झर कित्याक जाय?"

"खड्डा भरलेला होता म्हणून. आता तो उपसलाय. आता झरीशिवाय त्यांना काही नाही."

"तें तुज्या मशिनान सांगूंक ना." ते अगदी शांतपणे बोलत होते. याच आवाजात त्यांनी कॉलेजच्या क्लार्कला सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे, तिला प्रवेश द्या. "आनी एक काम कर. पंचायतीत दिवपाक माका बरोवन दी. झर म्हजी, सकयल ती वचना, अशें मेजून दिसलां म्हूण. तुजी सही. तुजें शिकप कामाक येवं दी घराक."

"माझ्या मोजण्यात झर कुणाची ते नाही. पोफळ कुठलं पाणी प्याली एवढंच आहे."

"एकच तें."

"एक नाही."

"तुका कॉलेजांत कोण घेवन गेल्लो, याद आसा?"

"आहे," मी म्हटलं. "म्हणून मी तुमच्याशी अजून 'काका' म्हणून बोलतेय. सही करणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाठ केली. त्यांच्या पाया पडल्याशिवाय मी गावाहून कधी निघाले नव्हते. त्या खेपेला निघाले.

संध्याकाळी दादाला म्हटलं, काकांकडे जा, पाटावर दोन्ही वाट्यांचा हक्क आहे, वाटणीतच तसं ठरलंय, माग. तो ट्रक धूत होता. लाल पाणी अंगणात पसरत होतं. "हांव मागचों ना," तो म्हणाला. "तुजें मशीन हाडून म्हजें उदक तूंवें तोडलें. आतां तूंच वच आनी माग."

"मी मागितलं."

"मागीर?"

"दिलं नाही."

"वच तर," तो म्हणाला, आणि पाईप माझ्या पायांवरून फिरवून चाकांकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई खोरं घेऊन कुळागरात गेली. मी मागे गेले. तिने काकांना विचारलं नाही, दादालाही नाही. तिने दगड एकेक करून बाजूला काढले, मी माती ओढली. काका घराच्या खिडकीतून बघत होते. भावाच्या विधवेच्या हातातलं खोरं हिसकावून घेणं गावात शोभलं नसतं, एवढ्यापुरतंच ते थांबले होते. पाणी खाली उतरलं. आम्ही वर आलो, आणि तासाभरात काकूने तोंड पुन्हा बुजवलं.

आता हे रोज चालतं. आई दुपारी उघडते, काकू संध्याकाळच्या आत बंद करते. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीत. मी सुट्टीत गेले की माती ओढते. दादा ट्रकवर असतो. तो येतो तेव्हा खालच्या पहिल्या रांगेतल्या पोफळींची मुळं ओली असतात, आणि त्या कशा ओल्या झाल्या ते तो विचारत नाही. मागच्या रांगांपर्यंत पाणी पोचायच्या आधीच पाट बंद होतो. त्या रांगा गेल्या. पुढच्या आवर्तनात नमुने घ्यायचे आहेत, मॅडमनी यादीतून आमचं कुळागर काढायचं का असं विचारलं. मी नको म्हटलं. पहिली रांग अजून उभी आहे, आणि ती आता कुठलं पाणी पिते ते मला ठाऊक आहे, तरी मी मोजणार आहे.